भिंतीतली चिंधी

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाचे कप मिरवणारा नव्हे, फोटो धुण्याचा. अंग लोखंडाचं, वर पांढऱ्या तामचिनीचा लेप आणि काठाला निळी रेघ. एका कोपऱ्यातला टवका उडाला आहे आणि तिथे गंज चढला आहे. आज मला कुणी पाहिलं तर मांजराला दूध घालायच्या कामाचाही समजणार नाही. पण कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा उगवताना सगळ्यांत आधी मी पाहिला आहे. तंजावरातल्या मेल वीथी या आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांचे चेहरे माझ्या पोटात उगवले, आणि एक चेहरा माझ्या पोटातच बुडाला. त्या बुडालेल्या चेहऱ्याची ही गोष्ट आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म भट्टीत झाला. पत्रा ठोकून मला आकार दिला, वर लेप ओतला आणि लालबुंद आगीत भाजून काढलं. मग मद्रासच्या एका दुकानात डॉक्टरांच्या कात्र्या-चिमट्यांशेजारी मी कितीतरी दिवस धूळ खात पडलो होतो. दवाखान्यात गेलो असतो तर जन्मभर रक्तच बघत बसलो असतो. पण एके दिवशी चिदंबरराव आले. तेव्हा ते तरुण होते, नुकतंच लग्न झालेलं होतं, आणि तंजावरात स्टुडिओ टाकायचं वेड डोक्यात होतं. त्यांनी मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाले, “हा द्या.” तेव्हापासून मी त्यांचा झालो.

त्यांचं घर मराठी. मराठे राजे तंजावरास आले तेव्हा त्यांच्यामागून जी कुटुंबं आली त्यांतलं एक. यांची मराठी तुमच्या मराठीपेक्षा जुनी आहे आणि तिच्यात तमिळही मुरलेलं आहे. ती ऐकताना सुरुवातीला तुमची थोडी तारांबळ उडेल, पण दोन वाक्यांत कान सरावेल.

घराच्या पुढच्या भागात स्टुडिओ होता आणि मागे एक अडगळीची खोली होती. तिची डार्करूम केली. खिडकीला विटा लावल्या, दाराला काळं कापड ठोकलं, आणि भिंतीलगत एक ओटा बांधला. ओट्याच्या पाण्याला वाट काढायची म्हणून गवंड्यानं भिंतीला भोक पाडलं, आणि मग पाणी दुसरीकडून काढायचं ठरलं. भोक तसंच राहिलं. ते ओट्यावरच्या फळीखाली होतं, बरोबर माझ्या काठाच्या उंचीला. उभ्या माणसाला ते दिसायचं नाही. मला मात्र रोज दिसायचं, कारण माझी जागाच त्याच्यासमोर होती.

भिंतीपलीकडे राजमची खोली होती. राजम म्हणजे चिदंबररावांची बायको.

आता फोटो कसा धुतात ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोटोच्या कागदाला उजेडाचं वावडं असतं. फक्त लाल दिवा त्याला चालतो. लाल दिव्यात, कॅमेऱ्यातून किंवा फोटो मोठा करायच्या यंत्राखालून आलेला कागद माझ्यात घालतात. माझ्यात डेव्हलपर नावाचं औषध असतं. मला हलकं हलकं हालवलं की कोऱ्या कागदावर आधी केस येतात, मग डोळे, मग सगळा माणूस. मग तो कागद दुसऱ्या ट्रेमध्ये, हायपोत, टाकतात. हायपोत गेला की कागद उजेडाला घाबरत नाही. पण त्याआधी त्याच्यावर परका उजेड पडला तर कागद काळवंडतो. चेहऱ्यावर राख फासल्यासारखा करडा पडदा चढतो आणि तो मग कशानंही उतरत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत चिदंबररावांचे फोटो असेच करडे यायचे. एका लग्नाचे सगळे फोटो वाया गेले. ते चिडले, आदळआपट केली, मला ओट्यावर आपटलं. माझा टवका उडाला तो त्याच दिवशी. औषध वाईट, कागद वाईट, तंजावरचं पाणी वाईट, असं ते ओरडत होते. भिंतीपलीकडे राजम अंधारात बसून ऐकत होती. डार्करूमचं काम चालू असताना ती आपल्या खोलीतला दिवा लावत नसे. आणि त्या अंधारात तिला तिच्या भिंतीवर एक लाल ठिपका दिसला.

ती काही शिकलेली नव्हती, पण हिशोब सरळ होता. तिकडचा लाल उजेड इकडे येतो, म्हणजे इकडचा पांढरा उजेड तिकडे जातच असणार. स्वयंपाकघराचं दार उघडलं की तिच्या खोलीत उजेड यायचाच. तिनं जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडला आणि भोकात कोंबला. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निळ्या सुताची एक गुंडाळी भोकात आली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली गेली.

दुसऱ्या दिवशी फोटो स्वच्छ आले. काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं. पण चिदंबररावांनी त्याच दिवशी औषधाचं प्रमाण बदललं होतं. झालं! त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आपलं नवं प्रमाण ऐकवलं. राजमनं ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसली. ती काहीच बोलली नाही. नवऱ्याचा आनंद कशाला मोडायचा, असा साधा विचार तिनं केला असावा.

तेव्हापासून एक रीत पडली. दार लावण्याआधी चिदंबरराव मोठ्यानं म्हणायचे, “राजम, बंद करूलालों!” करूलालों म्हणजे करतो आहे.

भिंतीपलीकडून उत्तर यायचं, “हं.”

आणि तिचा अंगठा चिंधी घट्ट दाबायचा. कधी थोडी माती माझ्यात पडायची. चिदंबररावांना वाटायचं, बायकोनं ऐकलं म्हणून “हं” म्हटलं. त्या एवढ्याशा “हं”मागे काय काम चालतं, ते त्यांना कधीच कळलं नाही. चिंधी विरली की ती नवी कोंबायची. निळ्यानंतर हिरवी आली, मग हळदी, मग एक तांबूस. तिची जुनी लुगडी मला अशी तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहेत.

आमचा धंदा जोरात चालला. परीक्षेचे फोटो, लग्नाची जोडपी, नाचाच्या पोशाखातल्या मुली, ओरत्तनाडूहून बसनं येणारी सबंध कुटुंबं. मूल उगवलं की मी खूश व्हायचो, कारण मुलं हलायची आणि त्यांना दोन नाकं यायची. चिदंबरराव लोकांना छाती काढून सांगायचे, “माझ्यासारखा अंधार अस्क्या तंजावरात कुणाकडे नाही!” अस्क्या म्हणजे सगळ्या. मला तेव्हा हसू यायचं. आज येत नाही.

राजमचा फोटो मात्र माझ्यात कधी उगवला नाही. तिला लहानपणापासून कोड होतं. ओठांच्या कडा, डोळ्यांभोवतालची कातडी आणि उजव्या हाताची बोटं पांढरी होती. लग्नाच्या फोटोत तिनं पदर नाकापर्यंत ओढलेला आहे. नंतर कुणी फोटोसाठी बोलावलं की ती काहीतरी काम काढून आत जायची. नातेवाइकांनाही ते सोयीचंच होतं. “राजम कुठे अहे?” असं विचारायचं, आणि ती येण्याआधीच “सरि, काढा”, म्हणजे बरं, काढा, असं म्हणायचं. हे मी अनेकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला राग आला आहे. मुलगी वसुमती मोठी होईपर्यंत घरात फोटोंचे ढीग झाले, पण त्यांत आई नव्हती. राजमला माझी डार्करूम आवडायची, किंवा तिच्या बाजूचा अंधार आवडायचा. त्या अंधारात तिच्याकडे कुणी टक लावून पाहत नव्हतं.

मग काळ बदलला. लोकांच्या खिशात मोबाइल आले, दुकानात रंगीत यंत्रं आली आणि माझ्या औषधाच्या बाटल्या कोरड्या पडल्या. चिदंबररावांना काचबिंदू झाला. एक डोळा गेला आणि दुसऱ्यात थोडंसं उरलं. स्टुडिओ बंद झाला. मला मागच्या अंगणात नळाखाली ठेवलं. गळका नळ माझ्यात ठिबकायचा आणि कावळे येऊन अंघोळ करायचे. नागलक्ष्मी, चिदंबररावांची थोरली बहीण, एकदा ओरत्तनाडूहून आली तेव्हा तिला माझ्यात वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालायचे होते. राजमनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. “नको अक्का, त्यात विष होतं इतकी वर्षं,” ती म्हणाली. मला घासून तिनं परत नळाखाली ठेवलं. मला घासणारी तेवढीच एक होती.

गेल्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. दोघं अंगणात बसली होती. राजमला तेव्हा धाप लागायची. ती अचानक म्हणाली, “माझा एक फोटो काढा.”

चिदंबरराव दचकले. “काय म्हटलंस?”

“फोटो काढा म्हटलं. जशी अहें तशी.”

“सांगतों वसुला. मोबाइलवर काढेल ती.”

“वसु नको. तुम्ही काढा. तुमच्या पेट्टीनं.”

पेट्टी म्हणजे त्यांचा जुना लाकडी कॅमेरा. त्यात फोटो उमटायला ज्या काचा बसवत, त्या आता कुठे मिळत नव्हत्या. पण काचेच्या जागी फोटोचा कागदच बसवला तर त्यावर उलटा फोटो येतो. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग त्यावरून दुसऱ्या कागदावर सुलटा करता येतो. कपाटात कागदाचं शेवटचं पाकीट होतं. चिदंबररावांनी डार्करूममध्ये जाऊन चाचपडत कागद बसवला. जाताना सवयीनं ओरडले, “राजम, बंद करूलालों!” ती धापा टाकत आपल्या खोलीत गेली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, “हं.”

मग ती स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. पदर मागे टाकला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. मी तिथे नव्हतो. हे सगळं मला नंतर चिदंबररावांच्या तोंडून कळलं, कारण ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. “तिनं मान खाली घातली नाही,” असं ते म्हणायचे.

तो कागद उजेड न शिरणाऱ्या डबीतच राहिला. औषधं चेन्नईहून मागवायची होती. पार्सल येईपर्यंत राजम अंथरुणाला खिळली, आणि पार्सल आलं त्या दिवशी दारात तिच्या तिरडीचे बांबू बांधणं चालू होतं.

मित्रांनो, या घरात एक चाल आहे. माणूस ज्या जागी जातं तिथे दिवा लावतात आणि तेराव्यापर्यंत तो विझू देत नाहीत. राजम तिच्या खोलीत, भिंतीलगतच्या खाटेवर गेली होती. नागलक्ष्मीनं ती खोली झाडून-पुसून घेतली. चालीप्रमाणे राजमचं अंथरूण, पांघरूण, अंगावरचे कपडे सगळं बाहेर गेलं. मग खाटेच्या जागी तिनं समई लावली. दिव्याची राखण तिनं आपल्याकडे घेतली आणि ती मनापासून करू लागली. तेल कमी झालं की तेल, वात काळी झाली की नवी वात.

वसुमती कुंभकोणमला बँकेत काम करते. ती आली होती. तेराव्याला फोटो ठेवायचा, तर कुठला ठेवायचा, हा प्रश्न निघाला.

“आधारकार्डावरला मोठा करून घे,” नागलक्ष्मी म्हणाली.

“त्यात ती भ्यायली अहे,” चिदंबरराव म्हणाले. “माझ्या डबीत तिचा फोटो अहे. तिनं मागून घेतलेला. माझ्या डोळ्यात थोडकं उरलं अहे, ते जायच्या आत मज तिला बघायचं अहे.”

वसुमतीनं मला नळाखालून उचललं, घासलं आणि डार्करूममध्ये माझ्या जुन्या जागी ठेवलं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी दुःख विसरलो. दार लागलं. लाल दिवा लागला. आणि समोर पाहतो तो काय, भोकात चिंधी नव्हती! पलीकडे समई जळत होती. तिचा पिवळा उजेड भोकातून येऊन माझ्या पोटात आडवा पडला होता.

मी ओरडू शकत नाही. ट्रेला तोंड नसतं. ही गोष्ट मला त्या दिवसाइतकी कधीच जाचली नव्हती.

चिदंबरराव मात्र कच्चे नव्हते. राजमचा कागद एकदा माझ्यात पडला की दुसरी संधी नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी आधी पाकिटातल्या कोऱ्या कागदाचा तुकडा धुऊन पाहायचा ठरवला. ज्याच्यावर उजेडच पडलेला नाही तो कागद औषधातून पांढराच निघाला पाहिजे.

वसुमतीनं तुकडा माझ्यात टाकला. हायपोतून काढून दिवा लावला. “अय्यो अप्पा, अस्कं करडं जालं!”

“औषध जुनं असेल.” त्यांनी नवं कालवलं. परत करडं.

“उष्मा फार. औषध तापलं असेल.” वैशाखातलं तंजावर, खरंच माझं अंगही गरम होतं. वसुमतीनं परातीत बर्फ आणून मला त्यात बसवलं. परत करडं, थोडं कमी.

“लाल दिव्याचा रंग उडाला असेल.” मग त्यांनी त्यांची जुनी परीक्षा केली. मागच्या टेबलावर, लाल दिव्याखाली, कागदावर एक नाणं ठेवलं. काही वेळ तसंच राहू दिलं. लाल दिवा खोटा असता तर नाण्याखालचा गोल पांढरा राहिला असता आणि भोवतालचा कागद करडा झाला असता. पण माझ्यातून निघाला तो सगळाच करडा. गोलाचा मागमूस नाही. म्हणजे लाल दिवा निर्दोष. परीक्षा बरोबर होती, फक्त टेबल चुकलं होतं. तीच परीक्षा माझ्यात केली असती तर नाण्याखालचा गोल पांढरा राहिला असता.

शेवटी त्यांनी एक तुकडा मला चुकवून थेट हायपोत टाकला. तो पांढरा शुभ्र निघाला.

“मग कागदच म्हातारा जाला,” चिदंबरराव खाली बसत म्हणाले. “औषध लागलं की आपणच करडा होऊलाला. वसु, या उष्म्यात रोज थोडा थोडा मरूलाला तो. तिचा कागदही त्याच पाकिटातला अहे.”

“अप्पा, या बाजूला करडं जास्ती दिसूलालं,” वसुमती तुकडे उजेडात धरून म्हणाली.

“ट्रे नीट हालवली नाहीस तू.”

मला संताप आला. इतकी वर्षं काम केल्यावर दोष माझ्या हालण्याला! पण त्याहून जास्त कीव आली. त्यांनी एकही पायरी चुकवली नव्हती. त्यांच्या हिशोबात फक्त राजम नव्हती, आणि ती त्यांच्या हिशोबात कधीच नव्हती.

वसुमती म्हणाली, “थोडकं थांबूंया का? चेन्नईत कुणाला विचारूंया.”

“थांबलं तर काहीच उरायचं नाही,” ते म्हणाले. “करडं कमी व्हायला ब्रोमाइड जास्ती घालतों, बर्फ घाल. आजच काढायचं.”

दुपारची वेळ होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चिदंबररावांनी दारावरचं काळं कापड हातांनी चाचपून नीट केलं. डबी छातीशी धरली. आणि जन्माची सवय, ती कुठे जाणार? ते मोठ्यानं म्हणाले, “राजम, बंद करूलालों!”

कुणी “हं” म्हटलं नाही. वसुमतीनं हुंदका दाबला. चिदंबररावांचाही चेहरा लाल उजेडात एकदम म्हातारा दिसला.

पण भिंतीपलीकडे नागलक्ष्मी बसली होती. मेलेल्या माणसाला नावानं हाक मारलेली तिनं ऐकली आणि ती गलबलली. दिव्याकडे पाहिलं, तर वात मंदावलेली. तिनं समईत तेल ओतलं आणि वात पुढे सारली. माझ्या पोटातली पिवळी रेघ रुंद झाली.

राजमचा कागद माझ्यात पडला.

आधी काही वेळ काहीच नव्हतं. मग तिचं पांढरं लुगडं काळं होऊन वर आलं. मग ओठांच्या कडा, मग डोळ्यांभोवतालची वलयं. उलटा फोटो ना, तिचं कोड काळं होऊन सगळ्यांत आधी उगवलं. जे ती जन्मभर लपवत आली, तेच सगळ्यांच्या पुढे चालत आलं. वसुमतीचा आवाज फुटला. “अप्पा, अम्मा येऊलाली.”

“खरंच? कशी अहे?”

“समोर बघूलाली. मान सरळ अहे.”

मी तिला पाहत होतो, मित्रांनो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भुवया दाट होत्या आणि हनुवटी थोडी वर उचललेली होती. ज्या अंगठ्यानं माझ्यासमोर चिंधी दाबली, त्या बाईचा चेहरा असा होता तर! आणि त्याच क्षणी भोकाच्या बाजूनं करडा पडदा चढू लागला. कान गेला. गाल गेला.

“डोळे पुरते आले काय? वाकून बघ,” चिदंबरराव म्हणाले.

वसुमती वाकली. तिचं तोंड माझ्या काठापाशी आलं, आणि फळीखालचा उजेड थेट तिच्या डोळ्यांत गेला. एक क्षण तिला कळलंच नाही. मग ती किंचाळली आणि तिनं ओला तळवा त्या भोकावर दाबून धरला. दुसऱ्या हातानं कागद ओढून हायपोत टाकला. पण चेहरा तोवर गेला होता.

पलीकडून नागलक्ष्मी घाबरून म्हणाली, “काय जालं वसु? दिवा अहे हं, विझला नाही! मोठा केलों मी, नीट जळूलाला!”

वसुमतीनं तळवा भोकावरून हलवला नाही.

कागद धुऊन झाल्यावर त्यांनी दिवा लावला. वरचा सगळा भाग काळा होता. खाली, भोकापासून लांबच्या कोपऱ्यात, मांडीवर ठेवलेला एक हात तेवढा वाचला होता. चिदंबररावांनी कागद डोळ्याला टेकवला, सरकवला, परत टेकवला. “हे कसं जालं?” ते विचारत राहिले. “इथनं उजेड कसा आला? इतकी वर्षं कसा आला नाही?”

नागलक्ष्मी दारात येऊन उभी होती. वसुमतीनं तिला भोक दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला.

“तिथे एक चिंधी होती,” ती हळूच म्हणाली. “घट्ट कोंबलेली. तिच्या लुगड्याची होती, म्हणून तिच्या अंथरुणाबरोबर मीच काढून टाकलों. चाल ती. मज काय माहीत वो चिदंबरा?”

चिदंबरराव उठले. भिंतीला धरून धरून राजमच्या खोलीत गेले. मला पलीकडून त्यांची बोटं दिसली. ती भोकाच्या कडांवरून फिरत होती. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. वर्षानुवर्षं एका अंगठ्यानं दाबून त्या तशा झाल्या होत्या, आणि आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या बोटांना ते कळायला वेळ लागला नाही.

“हं म्हणायची ती,” ते म्हणाले. “वसु, मी अस्क्यांना सांगायचों, माझ्यासारखा अंधार कुणाकडे नाही. माझा कुठला? तो तिचा होता.” आणि ते मोठमोठ्यानं रडले. मी त्यांना चिडताना पाहिलं होतं, फुशारक्या मारताना पाहिलं होतं, रडताना कधी ऐकलं नव्हतं.

नागलक्ष्मी म्हणाली, “दिवा विझवूं काय चिदंबरा? या दिव्यानंच घात केला.”

“नको,” ते म्हणाले. “तिचा अहे तो. जळूं दे.”

वसुमतीनं आपल्या साडीचा काठ फाडून भोकात कोंबला आणि त्या काळ्या कागदावरून सुलटा फोटो केला. त्याच पाकिटातला कागद, तेच औषध, तोच मी. फोटो लख्ख आला. कागद म्हातारा झाला नव्हता. तो ठणठणीत होता. ते कळल्यावर सगळ्यांनाच जास्त वाईट वाटलं.

सुलट्या फोटोत जे काळवंडलं होतं ते पांढरं झालं. म्हणून त्या फोटोत राजमच्या चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड आहे. खाली मांडीवर तिचा उजवा हात आहे. बोटं पांढरी आहेत आणि अंगठा स्पष्ट दिसतो. तेराव्याला तोच फोटो ठेवला. आलेले लोक त्याच्याकडे बघायचे आणि मग चिदंबररावांकडे बघायचे. बहुतेकांना वाटलं, म्हाताऱ्याला आता दिसत नाही, बिघडला असेल.

मित्रांनो, मोठ्यांच्या गोष्टीत शेवटी उपदेश असतो. जुन्या वस्तू जपा, असं मी सांगायला हवं. पण माझं काय, मी पत्रा आहे, गंजेन. तुम्ही एवढंच करा. घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट नीट चालली असेल, तर ती आपल्या हुशारीनं चालली आहे असं धरून बसू नका. भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा. तिथे कुणी बसलेलं असेल तर त्या माणसाचा हात हातात घ्या, तो जिवंत आहे तोवर.

आता मी परत डार्करूममध्येच आहे, कोरडा. औषध संपलं. कागद संपला. वसुमती कुंभकोणमला गेली. चिदंबररावांच्या डोळ्यातलं उरलंसुरलंही गेलं. अजून काही दुपारी ते चाचपडत आत येतात, दार लावतात आणि मोठ्यानं म्हणतात, “राजम, बंद करूलालों!” मग भिंतीकडे कान करून उभे राहतात.

मला वाचा असती तर मी “हं” म्हटलं असतं.